बारा वर्षांचं दुखणं

आरोग्य विम्यावर ओव्या रचणारा मी पहिलाच कवी असेन, असा माझा समज आहे. शेवटचाही मीच असावा, अशी आमच्या घरची प्रार्थना आहे.

निवृत्त मराठी शिक्षकाकडे लोक तीनच कामांसाठी येतात. मंगलाष्टकं, श्रद्धांजली आणि सोसायटीच्या पाटीवरचं शुद्धलेखन. दहिवलीत या तिन्ही क्षेत्रांत माझा हात धरणारं कुणी नाही. शिवाय गेली पंचवीस वर्षं मी पळसदरीपासून खालापूरपर्यंत गावोगाव हिंडून बायकांच्या ओव्या गोळा करतो आहे. सात वह्या भरल्या आहेत. ज्या बाईनं जन्मात नवऱ्यापुढे तोंड उघडलं नाही, ती जात्यापुढे काय काय बोलून जाते, हे वाचताना अजून माझे डोळे भरून येतात. डोळे भरून आले की मी नम्रताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, चहा टाकायला सांगतो.

असाच एकदा चहा उकळत असताना स्वप्नील आला. स्वप्नील माझा जुना विद्यार्थी. निबंधात नेहमी ‘म्हणूनच म्हणतात ना’ असं लिहून पुढे काय म्हणतात ते विसरायचा. आता खोपोलीत एका विमा कंपनीच्या शाखेत अधिकारी आहे.

“सर, लोकांना आरोग्य विमा समजत नाही,” तो म्हणाला.

‘मलाही समजत नाही’ असं मी म्हणालो नाही. शिक्षकानं असं म्हणायचं नसतं. चार वर्षांपूर्वी याच स्वप्नीलनं आम्हां दोघांची पॉलिसी काढून दिली होती. चव्वेचाळीस पानांची. ती आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली होती. काही ग्रंथ वाचायचे नसतात, त्यांना नमस्कार करायचा असतो.

“कंपनीनं जनजागृती हातात घेतलीय,” स्वप्नील सांगत होता. “पत्रकं वाटली. लोकांनी त्यावर भजी खाल्ली. तुम्ही ओव्यांतून सांगितलंत तर थेट काळजात उतरेल.”

काळजाचा विषय निघाला की मी नाही म्हणत नाही. दोन तास बसून त्यानं मला विमा शिकवला. जुन्या आजारांना सुरुवातीची काही वर्षं संरक्षण नसतं. अर्ज भरताना असलेले आजार सांगावेच लागतात. दवाखाना कंपनीच्या यादीतला असेल तर बिल कंपनी परस्पर भरते, नसेल तर आधी आपण भरून मागून पावत्या द्यायच्या. मी अठरा पानं टिपणं काढली. ती वाचून दाखवल्यावर नम्रता म्हणाली, “म्हणजे नक्की मिळतं का नाही?” मी म्हणालो, “तू साहित्याच्या दृष्टीनं बघ.”

खालच्या मजल्यावरचे गजाभाऊ सोसायटीचे सेक्रेटरी. खोपोलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढल्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आणि कुठलीही संस्था कशी बंद पडते हे त्यांना ठाऊक असतं. ते म्हणाले, “विमा म्हणजे सर, आमच्या मेव्हण्याची जीप. वर्षभर दारात उभी. नेमकी लग्नाला न्यायची म्हटली की गॅरेजात.” मी दुर्लक्ष केलं. समाजाला जागं करायला निघालेल्या माणसानं खालच्या मजल्याकडे बघायचं नसतं.

आठ दिवस खपून मी वीस ओव्या रचल्या. ओवीतल्या बाईचा खरा आधार कोण? भाऊ. सासरी गांजली की ती भावाला हाक मारते, आणि तो घोड्यावर बसून डोंगर ओलांडत येतो. म्हणून मी विम्याला भाऊ केलं.

*विमा माझा भाऊराया, हाकेसरशी धावतो*
*दवाखान्याच्या दारात, पाठीला हात लावतो*

पहिला कार्यक्रम पळसदरीच्या अलीकडच्या एका गावात, समाजमंदिरात झाला. साठेक बाया आल्या होत्या. त्यांना स्टीलचा डबा मिळणार होता हा भाग वेगळा. मी डोळे मिटून वीसच्या वीस ओव्या गायल्या. डोळे उघडले तेव्हा समाजमंदिरात शांतता होती. ती दाद देणारी शांतता नव्हती. ज्या शांततेत डबा कधी वाटतात याचा विचार चाललेला असतो, ती होती.

पुढच्या रांगेत येसूबाई बसली होती. येसूबाई धवलारीण. आमच्या भागात लग्नाच्या विधींची गाणी गाणारी जी मानाची बाई असते, ती. चारशे-पाचशे लग्नं तिच्या गळ्यावरून गेली असतील. माझ्या सातांपैकी दोन वह्या एकट्या तिच्याच आहेत.

“गळा बरा हाय सर तुमचा,” ती म्हणाली. “पन ह्यो भाऊ कोन?”

“विमा.”

“मंग माझ्या जावंचा पाय मोडला तवा ह्यो का नाय आला?”

स्वप्नीलनं खुर्ची पुढे ओढली. “मावशी, त्यांनी आम्हाला वेळेत कळवलं नव्हतं.”

“भावाला कळवावं लागतं?”

“आणि त्या ज्या दवाखान्यात गेल्या तो आमच्या यादीत नव्हता.”

“भाऊ यादी बघून येतो?”

“शिवाय खोली मोठी घेतली होती. पॉलिसीत भाड्याची मर्यादा होती.”

येसूबाईनं पदर सावरला, मागे वळून सगळ्या बायांकडे पाहिलं आणि निकाल दिला. “आगं बायांनो, ह्यो भाऊ नाय. ह्यो जावई हाय!”

समाजमंदिर असं हसलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि हसता हसता सगळ्यांना सगळं कळलं. मला अठरा पानांत जे कळलं नव्हतं ते. जावयाला आधी निरोप धाडावा लागतो. तो ठरल्या घरीच जेवतो. पान कुठलं मांडलं यावर त्याचा राग-लोभ अवलंबून. आणि सोयरीक जुळवताना काही लपवलं तर तो भर मांडवात रुसतो. येसूबाई तिथल्या तिथे गायला लागली आणि मी, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, वही काढून लिहायला लागलो.

*इमा म्हनू नको भाऊ, इमा घरचा जावई*
*आधी अक्षत धाडावी, मंग उंबऱ्याशी येई*

*ज्या घराशी सोयरीक, तिथं जावई जेवतो*
*परक्या दारी गं गेलीस, तर पावत्या मागतो*

*सुपारी फुटायाआधी, सांग लेकीचं दुखनं*
*मागून कळं जावयाला, मांडवात गं रुसनं*

माझ्या वीस ओव्या त्याच संध्याकाळी निवर्तल्या. कंपनीनं येसूबाईच्या ओव्यांचं पत्रक छापलं. वर ठसठशीत अक्षरांत ‘रचना : दशरथ सर’ आणि खाली कंसात ‘साहाय्य : येसूबाई’.

“माझं नाव बारीक का वो सर?” तिनं विचारलं.

“मावशी, कंसात मान जास्त असतो.”

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढे जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. हळदीला बाया या ओव्या म्हणू लागल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करून पसरवलं. खालापूर तालुक्यातून मला बोलावणी आली. शाल आणि नारळ हे दोन पदार्थ आमच्या घरात इतके साठले की नम्रतानं महिनाभर प्रत्येक भाजीत खोबरं घातलं. सोसायटीत लोक मला ‘विमावाले सर’ म्हणू लागले. मला ते आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि कुणी म्हणायचं थांबलं तर पुन्हा आठवण करून देत असे.

मग एका सकाळी स्वप्नीलचा फोन आला. “सर, तुम्ही काय केलंत?”

“काय केलं?”

“शाखेबाहेर रांग लागलीय. सगळ्यांना दुखणी सांगायची आहेत.”

येसूबाईची तिसरी ओवी लोकांच्या वर्मी लागली होती. अर्ज भरताना ‘काही आजार?’ या प्रश्नाला आपल्याकडे सगळे ‘बरं हाय’ असंच उत्तर देतात. दारात आलेल्या परक्या माणसाला आपलं दुखणं सांगणं ही काय रीत झाली? स्वप्नीलचे एजंटही ‘बरं हाय’ ऐकून पुढच्या रकान्यात खुशाल ‘नाही’ लिहीत आले होते. आता लोक घाबरून जुन्या अर्जांत दुरुस्त्या मागायला आले होते. आणि एकदा सांगायचंच ठरल्यावर हातचं कशाला राखायचं? मधुमेह, दमा, रक्तदाब तर होतेच. एकीनं सासूनं हाक मारली की डाव्या कानात शिट्टी वाजते असं लिहून दिलं. एका गृहस्थानं बायकोचा स्वभाव ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून नोंदवावा असा हट्ट धरला. जयवंता नावाच्या एका म्हातारबाबांनी आपल्याला काहीच होत नाही याचीच काळजी वाटते, ती लिहून घ्या, असं सांगितलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण लोक प्रश्नही विचारायला लागले. खोलीची मर्यादा किती? दावा नाकारला तर तक्रार कुठे करायची? हे कलम मराठीत का नाही? वरच्या कार्यालयातून स्वप्नीलला विचारणा झाली.

“सर, ते म्हणतात जनजागृती पॉलिसी घेण्यापुरती करायची होती,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “आपण वाचण्यापर्यंत गेलो.”

माझे कार्यक्रम बंद झाले. समाजसुधारकांच्या वाट्याला हे येतंच. मी एक दिवस जेवलो नाही. नम्रताही त्या दिवशी जेवली नाही, ते माझ्यासाठीच असं मी समजलो.

ते माझ्यासाठी नव्हतं. पुढच्या मंगळवारी दुपारी पोळ्या करता करता ती ओट्याला धरून खाली बसली. तवा तसाच तापत राहिला. नम्रता ओरडली नाही. एखाद्या पाखरानं पंख मिटावेत तशी गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, “गॅस बंद करा.” एकतीस वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच गॅस मला बंद करायला सांगितला, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते मात्र कळलं नाही.

गजाभाऊंनी रिक्षा आणली. खोपोलीचं एक खासगी रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे हे मला पाठ होतं. ‘ज्या घराशी सोयरीक’! रिक्षातूनच मी कंपनीला फोन करून कळवलं. ‘आधी अक्षत धाडावी’! त्या वेदनेच्या क्षणीही माझ्या मनात कुठेतरी नियमपालनाचं समाधान होतं, हे कबूल करायला हवं.

वाटेत गजाभाऊ म्हणाले, “सर, एक ऐका. डॉक्टरनं विचारलं कधीपासून दुखतंय, तर कमी सांगू नका. सकाळपासून म्हणालात की बाकड्यावर बसवतात. जुनं सांगितलं की लगेच आत घेतात.”

रुग्णालयात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन पुढे आले. “कधीपासून त्रास आहे?”

नम्रताच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. उत्तर मला द्यायचं होतं. आता लोकवाङ्मयात दुखणं सकाळपासून नसतं. ओवीतली सासुरवाशीण सकाळपासून रडत नाही. तिथे दुष्काळ बारा वर्षांचा, वनवास बारा वर्षांचा, तप बारा वर्षांचं. त्याच्या आतल्या दुःखाला जातंसुद्धा विचारत नाही.

“बारा वर्षं, डॉक्टर,” मी ओवीच्या लयीत म्हणालो. “बारा वर्षं सोसतेय हो माझी लक्ष्मी. कधी ‘आई गं’ म्हटलं नाही.”

मागून गजाभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरांनी मान हलवली आणि खाली काहीतरी लिहिलं. मला वाटलं, दाद दिली.

नम्रताला ताबडतोब खाट मिळाली. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया करावी लागेल, फार लांबवू नका, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. रुग्णालयातल्या विमा कक्षातली रूपाली नावाची मुलगी म्हणाली, “सगळे कागद व्यवस्थित आहेत सर. असे पेशंट रोज येऊ देत.” माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण : रुग्णास बारा वर्षांपासून त्रास असून पॉलिसी घेताना तो जाहीर केलेला नाही.

पत्राबरोबर कंपनीनं माहितीपत्रक जोडलं होतं. रूपालीनं ते उलटून मोठ्यानं वाचलं. “‘सुपारी फुटायाआधी, सांग लेकीचं दुखनं…’ सर, ही तुमचीच ना? वर नाव आहे. छान जमलीय.”

मी स्वप्नीलला गाठलं. तो बिचारा पॉलिसीची पानं उलटत बसला. “सर, तुमच्या पॉलिसीला चार वर्षं दोन महिने झालेत. सलग पाच वर्षं झाली असती तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हे उकरून काढता आलं नसतं.” मग चाचरत म्हणाला, “मॅडमना आणखी दहा महिने दम धरता आला असता तर…”

मी त्याला निबंधात कधी दहापैकी तीनच्या वर गुण दिले नव्हते. योग्यच केलं होतं.

मी नम्रताच्या खाटेशी गेलो. ठेव मोडू, असं म्हणालो. तिनं छताकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

“ठेव नाही मोडायची,” ती म्हणाली. “इतकी वर्षं हप्ते कशाला भरले मग? त्यांनी दिलं तर ऑपरेशन करू. नाहीतर नको. आता कळ थांबलीय. मला काय होतंय!”

मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, रूपालीनं समजावलं. आमच्या घरात एकच व्यक्ती हट्टी आहे असा माझा समज होता, आणि ती व्यक्ती मी होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून ती घरी आली. मऊ भात खायला लागली. स्वयंपाक करताना मधेच पळीचा आवाज थांबायचा. पूर्वी मी तो आवाज ऐकतच नव्हतो. आता तो थांबला की हातातल्या पेपरचं अक्षर न् अक्षर पुसलं जायचं. थोड्या वेळानं पळी पुन्हा हलायची, आणि मी श्वास सोडायचो.

मी तक्रार-अर्ज लिहिला. नऊ पानांचा. स्वप्नील म्हणाला, एक पान करा आणि उपमा काढा. तोही पाठवला. कंपनीनं कळवलं की प्रत्यक्ष चौकशीसाठी आमचा माणूस येईल.

ही बातमी सोसायटीत फुटायला वेळ लागला नाही. गजाभाऊ वर आले. “सर, आता तुमचीच ओवी तुम्हाला तारणार. जावई येतोय. मानपान करा.”

“गजाभाऊ, ती उपमा आहे.”

“उपमाच करा, वर थोडा शिराही करा.”

चौकशीचा माणूस आला त्या दिवशी दारात रांगोळी होती, पाट मांडला होता, पाटाशेजारी टॉवेल, टोपी, नारळ. नारळ घरचेच होते. येसूबाईही नम्रताची तब्येत ऐकून सकाळच्याच गाडीनं आली होती. तांदळाच्या भाकरी आणि गावठी मधाची बाटली घेऊन. चौकशीच्या माणसाचं नाव रोहिदास. पनवेलहून आला होता. किडकिडीत, खांद्याला बॅग, चेहऱ्यावर कायम ‘मी फक्त विचारतोय’ असा भाव. गजाभाऊंनी टोपी पुढे केल्याबरोबर तो दोन पायऱ्या खाली उतरला.

“हे घेतलं तर माझीच चौकशी लागेल हो!”

“नगं घेऊस टोपी, पन बस तरी,” येसूबाई म्हणाली. “दारी आलेला उभा ऱ्हाला की घराला दोष लागतो.”

तो पाटावर नाही, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि वही उघडली. “बाईंना पोटात पहिल्यांदा कधी दुखलं?”

गजाभाऊ त्याच्या पाठीमागून मला खुणा करत होते, कधीच नाही, कधीच नाही. मी घसा साफ केला. मनात एक सुंदर सुरुवात तयार होती.

“सर,” येसूबाई म्हणाली, “तुमी गप ऱ्हावा. दुखनं तिचं हाय.”

सात वह्या भरताना मी या बाईचा शब्दन् शब्द टिपला होता. हे वाक्य त्यात नव्हतं.

नम्रता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळे तिच्याकडे बघतायत म्हटल्यावर तिनं पदराला हात पुसले.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळपासून कळा येत होत्या. तीन दिवस गेल्या-आल्या. मग मी कर्जतला दवाखान्यात गेले. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. बारीक खडे आहेत म्हणाले, पथ्य सांगितलं.”

“सोबत कोण होतं?”

“कुणी नाही. शेअर रिक्षेनं गेले.”

“कागद आहेत?”

ती आत गेली. पिठाच्या डब्यामागून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, ‘तीन दिवसांपासून पोटदुखी, यापूर्वी त्रास नाही.’ तारीख होती. शिक्का होता.

रोहिदासनं तारीख पाहिली, पॉलिसीची तारीख पाहिली. “म्हणजे पॉलिसी घेतल्यावर दोन वर्षांनी सुरू झालंय. मग जुना आजार कसला?”

“मला नाही सांगितलंस?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण बारीक झाला होता.

“सांगणार होते. तुम्ही येसूबाईंकडे गेला होता रेकॉर्डिंगला. ‘स्त्रियांच्या वेदना’ का काहीतरी होतं. आल्यावर म्हणालात, आज फार सुंदर ओव्या मिळाल्या, चहा टाक.”

येसूबाईनं कपाळाला हात लावला. गजाभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

“मग रुग्णालयात बारा वर्षं कुणी सांगितलं?” रोहिदासनं विचारलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गातल्या चाळीस मुलांनी एकाच वेळी एका मुलाकडे बोट दाखवलेलं मी अनेकदा पाहिलं होतं. तो मुलगा होण्याची वेळ पहिल्यांदाच आली. मी रोहिदासला लोकसाहित्यातल्या बारा या आकड्याचं महत्त्व समजावून सांगितलं. दुष्काळ, तप, वनवास. त्यानं वही मिटली.

“हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या,” तो म्हणाला. “कागद आहेत, पण ते बारा वर्षं खोडल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही. शब्द तुमचा आहे, तुम्हीच मागे घ्या. नोटरी करून.” आणि उठता उठता येसूबाईला हळूच म्हणाला, “मावशी, ती जावयाची ओवी तुमची ना? आमच्या ऑफिसात लावलीय.”

“नाव कंसात हाय ना माझं?” येसूबाईनं विचारलं. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतला तहसील कार्यालयाबाहेर गेलो. तिथे झाडाखाली नंदाताई लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतात. रेशनकार्डापासून घटस्फोटापर्यंत सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं त्या एकाच चेहऱ्यानं टंकतात. नम्रता बाजूच्या बाकड्यावर बसली. सावली होती तरी पोटाला पर्स धरून.

“मी, दशरथ…, वय एकसष्ट, धंदा?”

“निवृत्त शिक्षक आणि कवी.”

“एकच लिहिता येतं.”

मी कवीवर काट मारली. “शिक्षक.”

“काय लिहून द्यायचंय?”

मी सांगत गेलो, त्या सगळं साधं करत टंकत गेल्या. ‘रुग्णालयात दाखल करते वेळी मी बारा वर्षे असे सांगितले. हा आकडा वैद्यकीय नसून लोकसाहित्यातील आहे. सदर आकड्यास कोणताही आधार नाही. पत्नीस विचारल्याशिवाय मी तो सांगितला.’ रांगेतले लोक पुढे सरकून ऐकत होते. एक जण म्हणाला, “हे ‘विमावाले सर’ ना?” मी ओळख दिली नाही.

“खोटं का सांगितलं, त्याचं कारण लागतं,” नंदाताई म्हणाल्या. “नाहीतर फसवणूक होते.”

“खोटं नाही. मला खरं माहीतच नव्हतं.”

“मग तसं लिहू.” त्यांची बोटं चालू लागली. “‘पत्नीच्या दुखण्याविषयी मला कोणतीही माहिती नव्हती.’ किती काळापासून? कालावधी घालावा लागतो.”

मी हिशेब करायला लागलो. नागपंचमीपासून धरावं, तर दोन वर्षं आणि वरचे…

“लिहा, एकतीस वर्षं,” बाकड्यावरून नम्रता म्हणाली.

नंदाताईंनी पहिल्यांदाच मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “हा आकडा पण लोकसाहित्यातलाच का?”

“नाही,” मी म्हणालो. “हा घरचा आहे.”

त्यांनी टंकलं. मी सही केली. शिक्का बसला.

कंपनीनं त्या प्रतिज्ञापत्राचं वाक्यन् वाक्य तपासलं. कर्जतच्या डॉक्टरांना फोन केला, सोनोग्राफीची तारीख दोनदा पडताळली, बारा या आकड्याबद्दल स्वप्नीलकडून लेखी खुलासा घेतला. मग दावा मंजूर झाला आणि नम्रताची शस्त्रक्रिया पार पडली. एकतीस वर्षांच्या कलमाला मात्र कुणी पुरावा मागितला नाही.